घरचा हिशेब : हप्ता तोच, सावकार नवा



गाडीचे सतरा-अठरा हप्ते भरून झालेले असतात. घरात सारे सुरळीत चाललेले असते. अशात एके दिवशी फोन येतो किंवा टपालाने पत्र येते : 'तुमचे कर्ज आता आमच्याकडे आले आहे. यापुढील हप्ते आमच्याकडे भरावेत.' पत्र पाठवणाऱ्याचे नाव पूर्वी कधी ऐकलेले नसते. सही घेतली एकाने आणि पैसे मागतो दुसराच! घरातली जाणती माणसे म्हणतात, 'ही फसवणूक आहे, एक पैसा देऊ नका.' तरुण मुलगा म्हणतो, 'देऊन टाकू, नाहीतर गाडी ओढून नेतील.'

दोघांपैकी कोणाचेही ऐकण्याआधी थोडे थांबावे. कर्ज विकता येते आणि ते कायद्याने विकले जाते. परंतु त्या विक्रीत आपल्या घराची पत हरवू नये, ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. ती कशी घ्यायची, हे आज पाहू.

पान कोरे का?

समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. जुन्नरकडचे चार एकरांचे बागायती कुटुंब. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात न्यायचा आणि दर खेपेला गाडीभाडे मोजायचे, म्हणून जुनी पिकअप घ्यायचे ठरले. चार लाख रुपये कमी पडत होते. आजोबांपासून विकास सोसायटीचे कर्ज वेळच्या वेळी फेडणारे घर, गावात शब्दाला मान. तरी बँकेत सांगितले, 'तुमचे सिबिल दिसत नाही.'

यात कोणी अपमान केला असे मानू नये. 'सिबिल' हे २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव. आता अशा चार कंपन्या आहेत आणि त्यांचे काम २००५ च्या कायद्याखाली चालते. बँका व फायनान्स कंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान गुण दिले जातात. गावच्या सोसायटीत फेडलेले कर्ज या नोंदीत दिसतेच असे नाही. ओळखीच्या सावकाराचे तर दिसतच नाही. म्हणजे तीन पिढ्यांची सचोटी गावाला पाठ, पण संगणकापुढे पान कोरे.

पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ मागची नोंद नाही म्हणून नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तेव्हा एका नकारावर परत न फिरता आणखी दोन बँकांत विचारावे. पण आपल्या या घरातला मुलगा घाईत होता.

दीड रुपया शेकडा

गाडीबाजारातच फायनान्सवाल्यांचा माणूस बसलेला होता. तो म्हणाला, 'दहा टक्के फक्त, फ्लॅट.' आता वही-पेन्सिल घ्या. चार लाखांवर दहा टक्के म्हणजे वर्षाला ४०,००० रुपये, चार वर्षांचे १,६०,०००. मुद्दल धरून ५,६०,०००. त्याला ४८ महिन्यांनी भागले की हप्ता सुमारे ११,६६७ रुपये.

हिशेब सरळ दिसतो, पण गोम अशी की दर महिन्याला मुद्दल फिटत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चार लाखांवर धरलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब मांडला तर हाच दर वर्षाला साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो. आपल्या भाषेत, महिन्याला जवळजवळ दीड रुपया शेकडा! हेच कर्ज उरलेल्या मुद्दलावर नऊ टक्क्यांनी मिळाले असते तर हप्ता सुमारे ९,९५४ रुपये झाला असता आणि चार वर्षांत ८२,००० रुपये वाचले असते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जाबरोबर मुख्य माहितीचा एक तक्ता द्यावा लागतो. त्यात व्याज आणि इतर खर्च धरून वर्षाचा एकूण दर छापलेला असतो. सही करण्याआधी तो आकडा वाचावा आणि 'फ्लॅट' हा शब्द कानाआड करावा.

'महाग असले तरी घ्या, सिबिल तयार होईल,' असे सांगणारेही भेटतात. हे बोलणे अर्धे खरे आहे. हप्ते वेळेवर भरले तर कोऱ्या पानावर चांगली अक्षरे उमटतात, हे खरे. परंतु गुण मिळतात ते वेळेवर फेडण्याचे. व्याज जास्त दिले म्हणून एकही गुण जास्त मिळत नाही. बँकेचे किसान क्रेडिट कार्ड नीट चालवले तरी पान भरते. नुसती पत बनवण्यासाठी महाग कर्ज काढणे म्हणजे पाणी आहे की नाही हे न पाहता विहीर बांधायला घेण्यासारखे आहे.

कागद विकतात तो का?

फायनान्स कंपनीला नव्या गिऱ्हाइकांना द्यायला पैसा लागतो. चार वर्षे हप्त्यांची वाट पाहण्यापेक्षा ती अशी पुष्कळ कर्जे एकत्र करून एखाद्या बँकेला किंवा दुसऱ्या कंपनीला विकते आणि रोकड मोकळी करून घेते. दोन वर्षांहून अधिक मुदतीचे कर्ज निदान सहा महिने स्वतःजवळ ठेवल्यावरच विकावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये ठरवून दिले. पुष्कळदा विक्रीनंतरही वसुली पहिलीच कंपनी करते. मग आपल्याला काही कळतही नाही. वसुलीही नव्याकडे गेली, की पत्र येते.

घाबरण्याचे कारण नाही. जुन्या सावकाराला जेवढे हक्क होते तेवढेच नव्याला मिळतात, रतीभर जास्त नाही. ठरलेला दर, हप्ता आणि मुदत केवळ विक्री झाली म्हणून बदलत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, विक्रीची सूचना मिळण्याआधी आपण जुन्या सावकाराला भरलेले पैसे बुडत नाहीत. ते जमेस धरावेच लागतात. अर्थात भरल्याचा पुरावा आपल्याजवळ हवा.

पुराव्याची ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे-नगर भागात पसरले. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात भरलेल्या पैशांची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. ज्या पावतीसाठी एवढे रामायण घडले, ती आज आपण खिशात चुरगळून टाकतो!

पत्र आले की

पहिले काम, ज्या कंपनीच्या कागदावर सही केली तिच्या शाखेत स्वतः जावे आणि विक्री झाल्याचे लेखी घ्यावे. तोवर फोनवरच्या माणसाने दिलेल्या खात्यात किंवा यूपीआयवर एक रुपयाही टाकू नये. विक्रीच्या नावाखाली भामटेही फोन करू शकतात.

दुसरे काम, त्या तारखेचा खातेउतारा मागावा. किती हप्ते जमा, मुद्दल किती शिल्लक, दंड काही लावला आहे का, हे त्यात असते. आपल्या घराने १८ हप्ते भरले, म्हणजे २,१०,००० रुपये गेले. घरचे लोक समजत होते की आता अडीच लाख मुद्दल उरले. उतारा सांगतो सुमारे २,८१,५००. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे असे होते. हा आकडा आधीच ठाऊक असला तर पुढे भांडण होत नाही.

तिसरे काम, बँकेतून हप्ता आपोआप कापण्याची जी परवानगी दिलेली असते ती पाहावी. जुनी बंद आणि नवी चालू, यांत एक महिनाही रिकामा जाऊ नये आणि दोन्हीकडे कापलाही जाऊ नये. दोन सावकारांच्या मध्ये अडकलेला एक हप्ता आपल्या नावावर थकबाकी म्हणून चढतो. चूक कोणाची, हे नोंदीत लिहिलेले नसते.

चौथे काम, जामीनदाराला सांगावे. हप्ता चुकला तर त्याचेही सिबिल बिघडते. मेहुणा असो की शेजारी, त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नये.

नोंद उतरली का?

सातबारा जसा आपण काढून पाहतो, तसाच हा पतीचा उतारा पाहावा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कर्ज विकल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मुलाला किंवा सुनेला सोबत बसवून तो काढावा. जुने खाते बंद झालेले व शिल्लक शून्य दिसायला हवी. नवे खाते खऱ्या शिलकीसह दिसायला हवे. दोन्ही उघडी राहिली तर एकाच गाडीवर दोन कर्जे आहेत असे वाटते आणि पुढच्या वेळी बँक मान हलवते. नवे खाते दिसलेच नाही, तर इमानाने भरलेले पुढचे हप्ते कोणाच्याच खिजगणतीत नाहीत. एवढे महाग व्याज सोसून जी पत कमवायची, तीच हातची गेली!

चूक दिसली तर सावकाराला आणि नोंद ठेवणाऱ्या कंपनीला लेखी कळवावे. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाला. तेवढ्यानेही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे वकील लागत नाही आणि फी पडत नाही.

गाडीला हंगाम कळत नाही

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कमी मुदतीच्या पिकांचे पीककर्ज दोन हंगाम थकल्यावर बुडीत धरले जाते. गाडीच्या कर्जाला ९० दिवसांचीच मुदत. टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली तरी त्या महिन्याचा हप्ता थांबत नाही. म्हणून चांगल्या भावाच्या दिवसांत तीन हप्ते, म्हणजे आपल्या हिशेबात ३५,००० रुपये, वेगळ्या खात्यात टाकून ठेवावेत आणि त्यांना लग्नकार्यातही हात लावू नये. कर्ज घेतानाच सहामाही हप्त्यांची सोय आहे का, हेही विचारावे. ट्रॅक्टरच्या कर्जात ती पुष्कळदा मिळते.

स्वस्त कर्जाकडे वळताना

दीड-दोन वर्षे हप्ते चोख गेले की बँकेचे दार किलकिले होते. उरलेल्या २,८१,५०० रुपयांना १२ टक्क्यांनी नवे कर्ज मिळाले तर ३० महिन्यांत सुमारे २२,८०० रुपये वाचतात. पण मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार समजा ४ टक्के असला, तर त्यावरचा जीएसटी धरून सुमारे १३,३०० रुपये जातात. हाती राहतात साडेनऊ हजार, त्यातून नव्या बँकेचा खर्च वजा. म्हणून करारातला हा आकार आधी वाचावा, मग उडी घ्यावी.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असेही नाही. आरसीवर कर्जाचा बोजा चढवलेला असतो. तो उतरवायला ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जावे लागते. कर्ज विकले गेले तरी आरसीवर नाव बहुधा पहिल्याच कंपनीचे असते. दाखला कोण देणार, हे विक्रीचे पत्र येते त्याच दिवशी लेखी विचारून ठेवा. चार वर्षांनी ती शाखा तालुक्यात असेलच असे नाही.

आज रात्री जेवणे झाली की कपाटातली कागदांची पिशवी काढा. करार, हप्त्यांचा तक्ता, पावत्या आणि आलेली पत्रे तारखेप्रमाणे एका फायलीत लावा. ती कुठे ठेवली, हे घरातल्या बायामाणसांनाही दाखवा. हप्ता मागायला माणूस दारात येतो तेव्हा पुरुष पुष्कळदा शेतात असतो, आणि उत्तर घरातल्या बाईलाच द्यावे लागते. तिच्या हातात त्या वेळी पावती असू द्या.