दाजींचं ऑपरेशन

आज पीकपाणी बाजूला ठेवतो. आमच्या दाजींना न दुखता कावीळ झाली; झाडपाल्यात महिना गेला. निघाली स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. मोठ्या रक्तवाहिन्यांत ती शिरलेली नव्हती, म्हणून 'व्हिपल' ऑपरेशन ठरलं. यात ते डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय काढून पुन्हा जोडणी करतात. काही तासांचं काम! तेव्हा सर्जनला न लाजता विचारा, वर्षाला अशी किती करता? हात सरावाचा, तिथं धोका कमी. बियाणं घेताना आपण इतकं विचारतोच की. तंबाखू-बिडी आजच बंद. रोज चाला, डाळ-अंडी खा, दीर्घ श्वासाचा सराव करा, रक्तातली साखर तपासा. खर्चाचं आरोग्यमित्राला विचारा. दाजी म्हणाले, "सोयाबीन काढून जातो." आक्कानं ऐकलं नाही, शेत भावकीवर सोपवलं आणि पिशवी भरली.