एकाच मातीला किती कागद?

सिंदखेडराजाचा मोती तलाव आजही जिजाऊसाहेबांच्या माहेरच्या वैभवाची साक्ष देतो. पाणी अडवणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या याच बुलढाणा जिल्ह्याने काही वर्षांपूर्वी देशाला एक साधी, पण दूरदृष्टीची वाट दाखवली. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी टेकड्या फोडायच्या नाहीत. तलाव, नाले खोल करून निघालेली माती आणि मुरूम वापरायचा. रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाणीसाठा. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्रयोगाची नीती आयोगानेही दखल घेतली.

परंतु जी गोष्ट खेड्यातल्या माणसाला सहज उमगते, ती सरकारी कागदाला उमगतेच असे नाही. 1957च्या खाण व खनिज अधिनियमाच्या कलम 15 अन्वये गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. पर्यावरण मंजुरीचे नियम मात्र केंद्राचे. केंद्राच्या 2016च्या अधिसूचनेनुसार देखभालीसाठी जलाशयातील गाळ काढण्यास पर्यावरण मंजुरी लागत नाही. तीच साधी माती रस्त्याच्या भरावात पडली की 3 फेब्रुवारी 2000च्या अधिसूचनेने ती गौण खनिज ठरते आणि राज्याचा परवाना व स्वामित्वधन यांचा प्रश्न उभा राहतो. खड्डा एक, माती एक. ओळखी मात्र दोन!

या विसंगतीचा भार कोणावर पडतो? मोठ्या कंत्राटदाराकडे वकील असतो. शेततळे खोदू देणाऱ्या शेतकऱ्याकडे फक्त सातबारा असतो. विनापरवाना उत्खनन ठरले, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 अन्वये बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सद्हेतूने केलेल्या कामाची ही शिक्षा न्याय्य म्हणता येईल काय?

मग सारे नियमच शिथिल करावेत, असे कोणी म्हणेल. तो मार्ग आत्मघातकी आहे. मार्च 2020 मध्ये केंद्राने रस्त्यांसारख्या प्रकल्पांसाठी माती काढण्यास पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली होती. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. किती माती काढायची याला मर्यादा नाही, कोणत्या प्रकल्पांना सूट याची व्याख्या नाही आणि जनतेच्या हरकतीही मागवलेल्या नाहीत, हे न्यायालयाचे आक्षेप होते. मार्च 2025 मध्ये केंद्राने अटी घालून सुधारित तरतूद केली. यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे : कागद कमी व्हावेत, पण हिशेब कमी होऊ नये. पूर्णा आणि खडकपूर्णेच्या पात्रातील वाळू ओरबाडणाऱ्यांना सैल नियम हवेच असतात. परस्परविरोधी नियम तर त्यांना अधिकच सोयीचे. एका कार्यालयाचा कागद दुसऱ्याला दाखवून वेळ काढता येतो.

म्हणून मागणी सुसंगतीची हवी. राज्याची 'महाखनिज' आणि केंद्राची 'परिवेश' या दोन संगणकीय प्रणालींना एकच अर्ज, एकच गटक्रमांक आणि एकच नकाशा पुरला पाहिजे. आज राज्य ब्रासमध्ये मोजते, केंद्र घनमीटरमध्ये. मोजमापही एक असावे. जिल्हा सर्वेक्षण अहवाल हा दोन्ही सरकारांच्या निर्णयाचा समान आधार ठरावा. जलसंधारणातून निघणाऱ्या मातीसाठी स्वतंत्र, सोपा परवाना असावा आणि खोदकामापूर्वीचे व नंतरचे मोजमाप ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे.

यात समाजाचेही कर्तव्य आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हे मोजमाप मागावे, शेतकऱ्याला परवान्याचा कागद समजावून सांगावा. तलाव बांधणाऱ्या पूर्वजांचे आपण वारस आहोत. तो वारसा चालवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला मुंबई आणि दिल्ली यांच्या कागदांमध्ये भरडू देणे आपल्याला शोभणारे नाही.