ड्राइव्ह दिसत नाही!

परवा माळ्यावरून जुना संगणक खाली काढला. २००३ साली पुण्याहून जुळवून आणलेला पेंटियम ४. त्या काळी आमच्या जुन्नरच्या गल्लीत संगणक असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी होती, त्यामुळे त्याचा थाट काय वर्णावा! अंगावर प्लास्टिकचं कव्हर, शेजारी यूपीएस, आणि लोडशेडिंगच्या वेळा पाहून त्याला चालू करायचा. आता त्याच कव्हरवर बोटभर धूळ आणि आत पालीची अंडी.

काढायचं कारण आई. पितृपक्ष जवळ आला होता आणि तिनं सहज विचारलं, "अरे, मंचरच्या लग्नाची ती कॅसेट आहे ना, त्यात हे दिसतात का रे?"

कॅसेट म्हणजे सीडी. माझ्या मावसबहिणीचं लग्न मे २००३ मध्ये मंचरला झालं. त्याच्या तीन व्हीसीडी, नवरानवरीचा फोटो लावलेल्या पाकिटात घालून, प्रत्येक नातेवाइकाला दिल्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, २००६ च्या पावसाळ्यात गेले. त्यांचे फोटो आहेत दहाबारा. पण हलतेचालते अण्णा? कुठेच नाहीत. त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्या खिशात व्हिडिओ काढणारा फोन नव्हता. आता बघा, साधारण १९९८ ते २०१० या काळात आपल्याकडची जी माणसं गेली, त्यांचं चालणं-बोलणं बहुतेकदा एकाच ठिकाणी उरलंय: दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाच्या सीडीत, मागच्या बाजूला, पंगतीत.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अरे बाबा, आमचा प्लेअर बिघडला नि त्या सीड्या ह्यांनी ज्वारीत टांगल्या, पाखरं येऊ नयेत म्हणून." आता यावर काय बोलणार! म्हणजे माझ्या माहितीत उरल्या त्या फक्त आमच्या तीन.

सीड्या होत्या, पण त्या वाचायला काही नव्हतं. घरातल्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, हल्ली बहुतेकांना नसतेच. आणि जुन्या संगणकाची सीडी ड्राइव्ह तर २००९ मध्येच 'गेली' होती. माय कॉम्प्युटर उघडलं की सी दिसायचा, डी दिसायचा, सीडीचं चित्र मात्र गायब. तेव्हा एका दुकानात विचारलं होतं. दुकानदारानं डबा न उघडताच निदान केलं, "ड्राइव्ह गेली. नवी टाका." मीही मान डोलावली, नवी काही टाकली नाही, आणि तो विषय पंधरा वर्षांहून जास्त काळ माळ्यावर गेला.

आमचा धाकटा चुलतभाऊ हसला. "दादा, भंगारवाल्याला दे तो डबा. यूएसबीची ड्राइव्ह मागव ऑनलाइन." सल्ला अगदी बरोबर होता. पण मला त्या दिवशी हट्टच चढला. 'गेली' म्हणजे नक्की काय झालं, हे आपण कधी पाहिलंच नाही, ही गोष्ट टोचायला लागली.

तर मंडळी, इथून पुढे थोडं तांत्रिक आहे. पण वाचा, कारण मला जे सांगायचंय ते त्यातच आहे.

प्लग काढून, हात लोखंडाला लावून डबा उघडला, साफ केला, पुन्हा जोडून चालू केला. ड्राइव्हचं बटण दाबलं. ट्रे कुरकुरत बाहेर आला, हिरवा दिवा लागला! मला वाटलं, झालं काम. पण नाही. ट्रे बाहेर येतो याचा अर्थ एवढाच की चार तारांच्या पॉवरच्या केबलमधून वीज पोचतेय. माहितीची केबल वेगळी, ती चपटी पट्टी. घरात दिवा लागतो म्हणून टेलिफोन चालू आहे असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

दुसरी पायरी बायोस. संगणक सुरू होताना डिलीटची कळ दाबली की एक निळा पडदा येतो. विंडोज जागी होण्याआधी संगणकाला स्वतःला काय काय जोडलेलं जाणवतंय, त्याची तिथे यादी असते. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतली ही सगळ्यात शहाणी पायरी. ड्राइव्हचं नाव त्या यादीत असेल, तर तारा ठीक आहेत, घोळ विंडोजमध्ये आहे. नाव नसेल, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही, ती पुन्हा दहा वेळा टाकली तरी उपयोग शून्य. एका प्रश्नात अर्धं जग वगळता येतं.

नाव नव्हतं. शिवाय तारीख दिसत होती १ जानेवारी २००२. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल, सीआर २०३२, संपला होता. "सापडलं!" म्हणून मी ओरडलो. बसस्टँडजवळून सेल आणला, बसवला, तारीख घातली. ड्राइव्ह तरीही नाहीच. दोष खरा होता, पण तो आपला दोष नव्हता. आयुष्यात असं किती वेळा होतं नाही? पहिली चूक सापडली की आपण शोध थांबवतो.

मग ती चपटी पट्टी नीट पाहिली. ४० छिद्रांची आयडीई केबल, एका कडेला लाल रेघ. ही रेघ एक नंबरच्या पिनकडे यावी लागते. ती बरोबर होती. त्या काळच्या या केबलवर दोन यंत्रं बसायची, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. कोण कोण ते ठरवायला प्रत्येकाच्या पाठीवर शेंगदाण्याहून लहान एक प्लास्टिकची टोपी असते, जंपर. बॅटरी धरून पाहिलं तर सीडी ड्राइव्हचा जंपर मास्टरवर. आणि त्याच केबलच्या मधल्या टोकाला एक जुनी हार्ड डिस्क, तिचा जंपरही मास्टरवर!

ही हार्ड डिस्क २००९ मध्ये कुणी बसवली होती? मीच. मित्राच्या मोडक्या संगणकातली काढून, जागा वाढेल म्हणून, मोठ्या ऐटीत. एका घरात दोन कारभारी बसवले, त्यातला एक गप्प झाला, आणि मी त्याला मेला म्हणून मोकळा झालो. दुकानदारावर पंधरा वर्षं मनातल्या मनात चडफडलो, ते वेगळंच.

आमच्याच तालुक्यात खोडदला ती प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या, आणि कुठल्या कुठल्या दीर्घिकांकडून येणारे क्षीण संकेत पकडतात. आणि त्याच तालुक्यातल्या माझ्या घरात, दोन वीत वायरीच्या टोकाला बसलेली तबकडी संगणकाला दिसेना. कारण काय, तर एक टोपी!

चिमट्यानं हार्ड डिस्कची टोपी स्लेव्हवर सरकवली. बायोसमध्ये नाव आलं. विंडोज एक्सपी उघडली... आणि ड्राइव्हपुढे पिवळं उद्गारचिन्ह, कोड ३९. आता मात्र घोळ विंडोजमधला होता. सीडी लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर कधीतरी टाकून काढलं होतं, त्यानं जाताना रजिस्ट्रीत आपली माणसं मागे ठेवली होती, 'अप्परफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नावाची. रजिस्ट्रीची आधी प्रत काढून ठेवली, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या खात्यातल्या तेवढ्या दोन नोंदी उडवल्या, संगणक पुन्हा सुरू केला. माय कॉम्प्युटरमध्ये सीडीचं चित्र!

आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत येऊन खुर्चीवर बसली.

पहिली सीडी वाचली गेली. एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये एक मोठी डॅट फाइल, तीच अख्खी फिल्म. दुसरीही वाचली. तिसरी मात्र सतरा मिनिटांनी अडकली ती अडकलीच. तिच्या वरच्या बाजूला, नाव लिहायच्या बाजूला, कुणीतरी बॉलपेननं दाबून 'मंचर लग्न ३' लिहिलं होतं. अक्षर माझंच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण सीडीची खालची चकचकीत बाजू जपतो. पण तिथे मिलीमीटरभराहून जाड प्लास्टिक असतं. माहितीचा थर आणि त्याचा आरसा असतो वरच्या बाजूला, लॅकरच्या पातळ थराखाली. त्यामुळे वरचा ओरखडा जास्त घातक. शिवाय घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात उमटवलेली असते, आणि ते ऊन, उष्णता, दमट हवा यानं विटत जातं.

अण्णा दुसऱ्या सीडीत सापडले. पंगतीत वाढताना. हातात बुंदीची परात, खांद्यावर पंचा. कॅमेरा जवळ येतो, ते वळून काहीतरी बोलतात, हात हलवतात, पुढे जातात. चाळीस सेकंदं असतील. पण आवाज नाही! त्या काळी शूटिंगचा मूळ आवाज काढून वर सिनेमाची गाणी चिकटवायची पद्धत होती. अण्णांचे ओठ हलतात आणि वर सनईच्या ठेक्यावरचं कुठलंसं गाणं चालू.

मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. आई स्क्रीनजवळ वाकली आणि म्हणाली, "मीठ बघा म्हणतायत हे. आमटीला मीठ नव्हतं त्या दिवशी."

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

असो. तर मला म्हणायचंय ते असं. 'दिसत नाही' आणि 'नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या फार लवकर एक करून टाकतो. आळसानं, घाईनं, किंवा समोरचा ठामपणे सांगतो म्हणून. आधी वीज पोचते का, मग यादीत नाव आहे का, मग तार, मग टोपी, मग विंडोज. एकेक पायरी, आणि एका वेळी एकच बदल. याला हुशारी लागत नाही, फक्त 'मला अजून माहीत नाही' असं म्हणायची तयारी लागते. मी ती तयारी २००९ मध्ये दाखवली असती, तर सतरा मिनिटांपुढची तिसरी सीडीही कदाचित हाती लागली असती. यंत्र थांबून राहिलं, सीडी थांबली नाही.

कुणी म्हणेल, जुन्याच्या मागे इतकं कशाला लागायचं? प्रश्न रास्त आहे. सगळं जपता येत नाही, जपूही नये. पण टाकायचं ते पाहून टाकावं, न पाहता नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज आहेत. आपल्या घरच्या लग्नाच्या सीड्या गोळा करायला मात्र कुणी येणार नाही. ते आपल्यालाच करायचंय.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत कपाटातली सीड्यांची पाकिटं बाहेर काढा. जंपरच्या भानगडीत पडायलाच हवं असं नाही. चुलतभावाचं ऐका, यूएसबीनं जोडायची ड्राइव्ह आणा आणि ती गल्लीभर फिरवा. प्रत्येक सीडीची अख्खी प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एक वाचत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, प्रत्येकीची नजर वेगळी असते. आणि तुमच्या घरच्या लग्नाची सीडी असेल, तर पंगतीपर्यंत जरूर पाहा. कुणाची तरी आई ते चाळीस सेकंद शोधत असेल.

मी तिसरी सीडी अजून टाकलेली नाही. चुलतभावाची यूएसबी ड्राइव्ह पुढच्या आठवड्यात येतेय.