ब्रोकर नको, म्हणून गुगल?

ब्रोकरला महिन्याचं भाडं कशाला द्यायचं, म्हणून आपण ‘साकीनाका वन आरके रेंट’ असं गुगल करतो. वरच्या लिंकवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असतं (वाचतं कोण?). म्हणजे ती जागा त्या साइटने गुगलकडून विकत घेतलेली. हाही ब्रोकरच की!

शेजारच्या पवईत २०१२ मध्ये आयआयटीच्या पोरांनी ‘हाउसिंग डॉट कॉम’ काढलं. आज कुणी तसं काढलं, तर घरांचे फोटो काढण्याआधी गुगलवर दिसण्यासाठी पैसे मोजावे लागतील. अ‍ॅप काढलं तरी सुटका नाही. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादात गुगलने ‘९९एकर्स’ प्ले स्टोअरवरून उडवलं. सरकार मध्ये पडल्यावर ते परत आलं.

सर्चमधल्या पक्षपाताबद्दल स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गुगलला १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला होता. तेव्हा तक्रारदारांत लग्नं जुळवणारी कंपनी होती. आता आयोगाने घरांच्या सर्चकडेही बघावं.