‘यूथ’ म्हणजे कोण रे भाऊ?

घरात रामरक्षा म्हणायची सवय असेल, तर ‘यूथ’ हा शब्द तुम्ही इंग्रजी शिकायच्या आधीच शिकला आहात. मारुतीच्या वर्णनात ‘वानरयूथमुख्य’ असं एक विशेषण येतं. वानरांच्या टोळीचा प्रमुख. संस्कृतात यूथ म्हणजे कळप, झुंड, जथा. हत्तींच्या कळपाचा म्होरक्या तो यूथपती. इंग्रजीतल्या ‘यूथ’शी याचा काडीचाही संबंध नाही. तो ‘यंग’च्या घरातला, आणि ‘यंग’ हा आपल्या ‘युवा’चा लांबचा चुलतभाऊ. लॅटिनमधला ‘जुवेनिस’ही त्याच खानदानातला, त्याच्यापासून पुढे ‘जुवेनाइल’ निघाला. पण देवनागरीत लिहिले की दोन्ही ‘यूथ’ डिट्टो सारखे दिसतात. आणि गेले काही महिने या पुरवणीच्या डेस्कवर बसून प्रेसनोटा चाळताना मला सारखं वाटतंय, की आपल्याकडचे लोक शब्द इंग्रजीतला उचलतात आणि अर्थ मात्र संस्कृतातला लावतात.

कसं ते बघा. ‘यूथला कनेक्ट करायचंय.’ ‘यूथला काय हवंय ते आम्हाला माहितीये.’ ‘आजचं यूथ मोबाइलमध्ये गुंतलंय.’ यातल्या प्रत्येक वाक्यात ‘यूथ’ काढून ‘कळप’ टाका. वाक्य अडत नाही.

इंग्रजीत या शब्दाची कामं तशी तीन. एक म्हणजे वय, तारुण्य. ‘इन हिज यूथ’ म्हणजे त्याच्या तरुणपणी. दुसरं, ‘द यूथ’ म्हणजे सगळे तरुण मिळून, एकगठ्ठा. तिसरं, ‘अ यूथ’ म्हणजे एक पोरगा. पोरगाच हं! मुलगी असेल तर बहुतेक वेळा ‘यंग वुमन’ लिहिलं जातं. आणि या तिसऱ्याचं अनेकवचन होऊन ‘यूथ्स’ झालं, की समजावं पुढे पोलिस येणार. बातमी मारामारीची, बाइकची, नाहीतर पार्टीवरच्या छाप्याची. सुवर्णपदक मिळवलं की ते ‘स्टुडंट्स’ होतात, नाहीतर ‘प्लेअर्स’.

मराठीत आपण याच्याही पुढे गेलोय. आपल्याकडे एकाच वयाच्या माणसाला बातमीच्या विषयानुसार शब्द मिळतो. भाषण असेल तर ‘युवक’: युवकांनी पुढे यावे, युवकांनी व्यसनांपासून दूर राहावे. धरणात बुडाला, दुचाकीवरून पडला तर ‘तरुण’. चौकात चारजण उभे राहिले आणि बातमी देणाऱ्याला ते आवडले नाहीत तर ‘टोळकं’. शेतात ड्रॅगन फ्रूट लावलं तर ‘प्रयोगशील युवा शेतकरी’. पदवी आहे आणि नोकरी नाही तर ‘सुशिक्षित बेरोजगार’. मुलींचं आणखी वेगळं. ‘युवती’ व्यासपीठावर असते, मेळाव्यात असते, पक्षाच्या आघाडीच्या नावात असते. गुन्हेवृत्तात मात्र ती ‘तरुणी’ होते, आणि बहुतेक वेळा तिच्यावर काहीतरी ओढवलेलं असतं. विश्वास बसत नसेल तर आठवडाभराची रद्दी काढा आणि पेन घेऊन बसा. आमच्या कॉलेजात मीडिया लँग्वेजच्या तासाला हाच उद्योग दिला होता. तासाभरात वर्गातल्या मुलींचे चेहरे पडले.

आता वयाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ या वयाला यूथ म्हणतो. भारताच्या २००३च्या राष्ट्रीय युवा धोरणात ही हद्द १३ ते ३५ होती. २०१४च्या धोरणाने ती १५ ते २९ केली. म्हणजे समजा २०१४ साली तुम्ही ३२ वर्षांचे असाल, तर एका सरकारी कागदाने तुमचं तारुण्य रातोरात संपवलं. आफ्रिकी देशांच्या युवा सनदेत यूथ १५ ते ३५. यूथ ऑलिम्पिकमध्ये १५ ते १८. ‘यूथ हॉस्टेल’ला तर वयाचं काही पडलेलंच नाही, आमच्या काकांनी पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांच्याबरोबर सार पासचा ट्रेक केला आणि परत आल्यावर महिनाभर सगळ्यांना तेच ऐकवलं. मला विचाराल तर या शब्दाचा सगळ्यात प्रामाणिक वापर तोच. आणि मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये ‘तू यूथला आहेस का?’ असं कुणी विचारलं, तर तो तुमचं वय विचारत नसतो. यूथ फेस्टिव्हलच्या टीममध्ये आहेस का, स्किट की माइम, एवढंच त्याला हवं असतं.

शब्द लवचिक असतात, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण हा शब्द ताणायचा कुणी आणि आखडायचा कुणी, हे तुम्ही-मी ठरवत नाही. आणि त्याचे परिणाम थेट आपल्या खिशावर होतात.

बेरोजगारीचंच घ्या. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्या सगळ्या लोकांमधला बेरोजगारीचा दर होता ३.२ टक्के, आणि १५ ते २९ या ‘यूथ’ गटातला १०.२ टक्के. तिपटीहून जास्त. हा आकडा सगळ्या चर्चांमध्ये फिरतो. आता पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरणारा ३१ वर्षांचा उमेदवार डोळ्यांसमोर आणा. तो या दहा टक्क्यांत कुठे आहे? कुठेच नाही. एक तर तो २९च्या पुढे गेला. दुसरं म्हणजे, तो नुसता अभ्यास करत असेल आणि काम शोधत नसेल, तर सर्वेक्षणाच्या भाषेत तो बेरोजगारही नाही, तो ‘श्रमबळाबाहेर’चा. त्याच माणसाला राज्यसेवेची परीक्षा खुल्या गटातून ३८व्या वर्षापर्यंत आणि मागासवर्गीय असेल तर ४३व्या वर्षापर्यंत देता येते. ही मर्यादा २०१६ साली वाढवली तेव्हा पेढे वाटले गेले. पण तिने केलं काय, तर उमेदवारीचं वय पाच वर्षांनी लांबवलं. जागा वाढल्या असत्या तर ही पाच वर्षं कामी आली असती. घरी विचारलं तर तो ‘अजून शिकतोय’. गावाकडच्या सभेत तो ‘युवा’. आकडेवारीत तो नाहीच.

अगदी उलटं टोक म्हणजे अग्निवीर. भरतीचं वय साडेसतरा ते २१. चार वर्षांची सेवा. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार, बाकीचे घरी. म्हणजे २१व्या वर्षी भरती झालेला मुलगा २५व्या वर्षी माजी सैनिकासारखा दारात उभा. आणि आपल्या राज्यघटनेनुसार लोकसभेला किंवा विधानसभेला उभं राहायचं किमान वय आहे २५. राज्यसभा, विधान परिषदेला ३०. सीमेवर उभं राहून परत येण्याइतकं वय झालेलं असतं, त्याच वर्षी निवडणुकीचा अर्ज भरण्याइतकं वय होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसले. मतदानाचं वय मात्र २१ वरून १८ वर आणलं गेलं १९८९ साली. मत द्यायला आपण झटकन मोठे झालो. मत मागायला अजून थांबा.

तुमच्या चौकातल्या फ्लेक्सवर ‘युवा नेतृत्व’ लिहिलेला फोटो बघा. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यात, मुलगी दहावीला आहे, पण तो युवा. दोन मोठ्या राष्ट्रीय पक्षांच्या युवा संघटनांची वयोमर्यादा ३५ आहे. फ्लेक्सला मर्यादा नाही. यात मला नुसती चेष्टा करायची नाहीये. चाळिशीतला माणूस ‘युवा’ची खुर्ची अडवतो, तेव्हा बावीस-चोविसाव्या वर्षी कुणी सरपंच झालं तर ती बातमी ‘अबब!’ छापाची होते. कायद्याने ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ वर्षं पुरतात. मग आश्चर्य कशाचं?

मला सगळ्यात जास्त खटकतो तो या शब्दाचा आणखी एक वापर. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये. मुदत आधी सहा महिने होती, ती पुढे पाच महिन्यांनी वाढवली गेली. पहिल्या नोकरीचा अनुभव गाठीला बांधायला ही योजना वाईट नाही, आणि घरी बसण्यापेक्षा दहा हजार बरेच, हे मीही म्हणेन. पण त्यातले शब्द नीट वाचा. ‘युवा’, ‘प्रशिक्षणार्थी’, ‘विद्यावेतन’. पगार नाही, कर्मचारी नाही. ३४ वर्षांचा, घरात दोन मुलं असलेला पदवीधर ऑफिसात दिवसभर काम करतो आणि त्याला मिळतं ते विद्यावेतन. ‘युवा’ म्हटलं की तो शिकाऊ ठरतो, आणि शिकाऊ म्हटलं की कमी पैशाचं स्पष्टीकरण आपोआप तयार होतं. खासगीत याच कामाला ‘इंटर्न’ म्हणतात आणि त्या पैशाला ‘स्टायपेंड’, दिलाच तर. आमच्या बॅचमध्ये असे लोक आहेत ज्यांना एका ठिकाणी तीन महिने राबवून घेतलं आणि हातात फक्त सर्टिफिकेट ठेवलं. ‘यंग टीम आहे, शिकायला मिळेल’ असं मुलाखतीत सांगितलं होतं म्हणे. शिकायला मिळालं, हे खरंच.

तर ‘यूथ’ या शब्दाची मेख अशी आहे: गर्दी हवी असेल तेव्हा तो सगळ्यांना आत घेतो, आणि हक्क द्यायची वेळ आली की ‘अजून लहान आहात’ म्हणून बाहेर काढतो. मोर्चाला, मेळाव्याला, रीलला, सेलला आपण यूथ. भाड्याने खोली मागायला गेलो की ‘बॅचलर’. पगार मागायला गेलो की ‘फ्रेशर’.

आणि आपण एकगठ्ठा आहोत हा समज तरी कितपत खरा? २०१७ साली ऑक्सफर्डने ‘यूथक्वेक’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. मूळ शब्द १९६५चा, व्होग मासिकाच्या संपादक डायाना व्रीलंड यांनी लंडनच्या फॅशनबद्दल वापरलेला. २०१७ मध्ये तो ब्रिटनच्या निवडणुकीला चिकटला: तरुणांनी म्हणे भरभरून मतदान करून निकाल हलवला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश इलेक्शन स्टडीच्या संशोधकांनी आकडे तपासले आणि सांगितलं, तरुणांच्या मतदानात अशी लाट आल्याचा पुरावा सापडत नाही. तोवर शब्द शब्दकोशात जाऊन बसला होता. आपल्याकडेही प्रत्येक निवडणुकीत ‘यूथ कुणाच्या बाजूने?’ अशी चर्चा रंगते. जणू मेळघाटातली आश्रमशाळेतून बारावी झालेली मुलगी, भिवंडीच्या लूमवरचा पोरगा आणि हिंजवडीतला कोडर एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत आणि रात्री बसून ठरवतात.

हल्ली ‘यूथ’ची जागा ‘जेन झी’ घेतेय. त्यातही एकगठ्ठाच आहे, पण एक फरक मला आवडतो. जेन झी म्हणजे साधारण १९९७ ते २०१२ मध्ये जन्मलेले. ही ओळख जन्मसालाला बांधलेली आहे, त्यामुळे ती कुठल्याही धोरणाने काढून घेता येत नाही. साठीतही आपण जेन झीच राहू. आपल्या नंतरची पोरं आपल्याला ‘ते जेन झीवाले म्हातारे’ म्हणतील, ते सहन करावं लागेल.

मग ‘यूथ’ म्हणायचंच नाही का? म्हणा की. फेस्टिव्हलला म्हणा, ट्रेकला म्हणा. पण बातमी लिहिताना, पोस्ट टाकताना, अर्ज करताना एवढं करून बघा: वय माहीत असेल तर आकडा लिहा, काम माहीत असेल तर काम लिहा. ‘दोन युवक’ऐवजी ‘२३ वर्षांचा डिलिव्हरी करणारा आणि २६ वर्षांचा वेल्डर’ असं लिहिलं की लगेच दोन माणसं दिसायला लागतात. जागा थोडी जास्त लागते, आमचे सर ओरडतात, पण चालतं.

आणि १२ जानेवारीला तुमच्या कॉलेजात राष्ट्रीय युवा दिनाचं भाषण असेलच. पाहुणे ‘युवाशक्ती’ म्हणतील, तुम्ही टाळ्या वाजवाल. ‘कुणाला काही प्रश्न?’ असं विचारलं गेलं की एकाने उठून विचारा: सर, तुमच्या संस्थेत, तुमच्या पक्षात, जिथे निर्णय होतात त्या टेबलावर तिशीच्या आतले किती जण बसतात? नावं नकोत, नुसता आकडा सांगा. जो आकडा मिळेल तो आम्हाला कळवा, या पानावर छापू. मिळाला नाही, तर तेही छापू.