साधा भूतकाळ, आपला भूतकाळ

"इंग्रजी तुमच्या पोरांना झेपणार नाही," म्हणणाऱ्यांची स्वतःची पोरं मात्र कॉन्व्हेंटात! मित्रांनो, साधा भूतकाळ अवघड नाही. मराठीत नोकर 'गेला', मालक 'गेले'; इंग्रजीत दोघेही 'वेंट'. तिथे क्रियापदात मानपान नाही. फक्त दुसरं रूप घ्या: 'ड्रिंक'चं 'ड्रँक', 'बर्न'चं 'बर्न्ड'. नकार असेल तर 'डिड नॉट' आणि पुढे मूळ रूप: 'दे डिड नॉट गिव्ह अस वॉटर.'

आम्ही वस्तीतल्या वर्गात 'राम वेंट टू मार्केट' घोकून घेत नाही. आम्ही शिकवतो: 20 मार्च 1927, 'वुई ड्रँक वॉटर ॲट महाड', 25 डिसेंबर 1927, 'वुई बर्न्ड द मनुस्मृती'. आपला भूतकाळ आपणच जगाला सांगायचा. नाहीतर दुसरे सांगतील, त्यांच्या सोयीने.

जय भीम!