बेरीज नऊ, अक्कल शून्य

कोणी कशावर विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आकड्यांची विटंबना सुरू झाली की आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला गप्प बसवत नाही. वीस वर्षं आकड्यांचंच मीठ खाल्लंय! बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत पसंतीच्या नंबराला जादा पैसे मोजणारे, 'लकी' मोबाईल नंबर हुडकत फिरणारे, आणि अंकज्योतिषाने सांगितलं म्हणून नावाच्या स्पेलिंगात एक जादा 'ए' घुसवून, मग चेक का परत आला म्हणून आमच्याशीच भांडणारे, या सगळ्यांशी माझं जाहीर वैर आहे.

अहो, आकडा बघायचाय ना? मग हा बघा: ३८१६५४७२९०. शून्य ते नऊ सगळे अंक, प्रत्येक एकदाच. आता डावीकडून मोजत चला. ३८ ला दोनाने भाग जातो, ३८१ ला तिनाने, ३८१६ ला चाराने, ३८१६५ ला पाचाने. असं करत करत ३८१६५४७ ला साताने (भागाकार ५४५२२१, हवं तर करून पाहा) आणि अख्ख्या आकड्याला दहाने. दहा अंकांच्या मांडण्या होतात ३६,२८,८००. त्यांत हे जमवणारी मांडणी एकच!

शेवटी शून्य हवं आणि पाचव्या जागी पाच, हे उघडच आहे. सम जागी सम अंक बसवून तीन, चार, सहा, आठ यांच्या अटी लावल्या की उमेदवार उरतात दहा. मग मुलाखतीला बसतो सात. हा जुन्या वळणाचा साहेब नऊ जणांना घरी पाठवतो. नऊ बिचारा मात्र कोणालाच अडवत नाही. शून्य ते नऊची बेरीज ४५, मग क्रम काही का असेना.

आणि इथेच अंकज्योतिषीबुवांची गोची होते. चार अधिक पाच नऊ, म्हणजे त्यांच्या शास्त्राप्रमाणे छत्तीस लाख मांडण्या सारख्याच शुभ! एवढ्या ढिगातून हा एक हिरा ज्यांना ओळखता येत नाही, त्यांनी माझ्या भाचीला स्कूटरचा नंबर सुचवावा? नऊचा उपयोग आम्हाला विचारा. ताळा जुळेना आणि फरकाला नऊने भाग गेला, की कोणीतरी ७२ चे २७ लिहिलेत असा संशय घ्यायचा. सल्ला फुकट, आणि पुष्कळदा शेवटची लोकल मिळवून देणारा.

"पण तुमच्या त्या आकड्याचा उपयोग काय?" असं विचारणारे भेटतातच. काही नाही हो! साधा मोबाईल नंबर म्हणूनसुद्धा तो मिळायचा नाही, कारण आपल्याकडे ते सहा ते नऊनेच सुरू होतात. पण त्याच्यापायी कोणाचं जमलेलं लग्न मोडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. बाकी ज्यांना नावात जादा 'ए' घालायचाच आहे त्यांनी खुशाल घालावा. फक्त काउंटरवर येताना राजपत्राची प्रत आणि सहीचा नवा नमुना घेऊन यावं.